पाणबुडीचं वय

पाणबुडी पाण्याच्या पृष्ठभागावर असताना आत, एका बाजूच्या कडीपासून समोरच्या कडीपर्यंत एक दोरा ताणून बांधायचा. तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ. मग बोट खाली जाऊ लागली की त्याच्याकडे बघत राहायचं. शंभर मीटर, दीडशे, दोनशे. हळूहळू दोऱ्याला मधोमध झोळ पडतो. दोरा लांबलेला नसतो, बोट अरुंद झालेली असते. नवख्या खलाशाला पहिल्या खोल डुबकीत दाखवायचा हा जुना खेळ. तो पाहिल्यावर आपण कशात बसलोय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दर दहा मीटर खोलीला साधारण एक वातावरणाचा दाब वाढतो. तीनशे मीटरवर एका चौरस मीटरवर तीनशे टनांच्या आसपास भार येतो, म्हणजे घराच्या दाराएवढ्या जागेवर सहाशे टन. सहा मीटर व्यासाचा पोलादी नळा तेव्हा काही मिलिमीटर आक्रसतो आणि वर आला की पूर्ववत होतो. हा ‘पूर्ववत’ शब्द मात्र इंजिनिअर मंडळी जपून वापरतात. लोखंडी तार एकदा वाकवून सरळ केली तर काही बिघडत नाही, पण वाकवत राहिलं की ती एका जागी तुटते. धातू थकतो. म्हणून पाणबुडीचं वय जन्मतारखेवरून कळत नाही. ती किती वेळा, किती खोल गेली हे पाहावं लागतं. शिवाय खारं पाणी आहेच. आवाज शोषणाऱ्या रबरी टाइल्सच्या मागे, टाक्यांच्या कोपऱ्यांत, जिथे ब्रशही पोचत नाही तिथे गंज बसतो आणि पत्र्याची जाडी खातो. मिलिमीटरभर जाडी गेली की बोटीला कमी खोलीची मर्यादा घालून द्यावी लागते. पाणबुडी म्हातारी होते म्हणजे आधी तिची खोली कमी होते.

भारतीय नौदलाच्या बोटींकडे या नजरेने पाहिलं की पोटात गोळा येतो. सिंधुघोष वर्गातल्या दहा रशियन बोटी १९८६ ते २००० या काळात आल्या. शिशुमार वर्गातल्या चार जर्मन बोटींपैकी शिशुमार आणि शंकुश १९८६ साली जर्मनीतल्या कील शहरातून आल्या. शल्की आणि शंकुल माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या आणि १९९२ व १९९४ साली नौदलात दाखल झाल्या. या बोटींचं आयुष्य तीसेक वर्षांच्या आतबाहेर धरलेलं. दहा सिंधूंपैकी सिंधुरक्षक २०१३ साली मुंबईच्या नौदल गोदीत स्फोटात बुडाली आणि अठरा जण गेले. सिंधुवीर २०२० साली म्यानमारला दिली. सिंधुध्वज २०२२ साली पस्तीस वर्षांनी निवृत्त झाली, आणि खुद्द सिंधुघोष डिसेंबर २०२५ मध्ये, चाळिशीला टेकून.

बोटी जाणार हे १९९९ सालीही ठाऊक होतं. त्या वर्षी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने तीस वर्षांची योजना मंजूर केली. २०३० पर्यंत चोवीस नव्या पाणबुड्या. आकडा चोवीसच का, याचं गणित साधं आहे. कुठल्याही नौदलात ढोबळमानाने एक तृतीयांश बोटी समुद्रावर, एक तृतीयांश तयारीत किंवा प्रशिक्षणात आणि एक तृतीयांश रिफिटमध्ये, म्हणजे मोठ्या दुरुस्तीत, असतात. चोवीस असतील तर आठ हाताशी, आणि आठ पश्चिम व पूर्व किनाऱ्यांत वाटल्या की चार-चार. त्या योजनेतल्या आजवर सहा आल्या. कलवरी डिसेंबर २०१७, खांदेरी सप्टेंबर २०१९, करंज मार्च २०२१, वेला नोव्हेंबर २०२१, वागीर जानेवारी २०२३ आणि वागशीर जानेवारी २०२५.

नावं जुनीच आहेत. १९६७ पासून सोव्हिएत संघाकडून आलेल्या पहिल्या बोटींची नावं निवृत्तीनंतर नव्या बोटींना देण्याची ही रीत. त्यातली दोन आपल्या दाराशीच आहेत. करंज हे उरणजवळच्या करंजा बेटावरून, आणि खांदेरी हे थळसमोरच्या जलदुर्गावरून. १६७९ साली मायनाक भंडारी तो किल्ला बांधत होते तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजं बेटाला वेढा घालून उभी होती, आणि मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री उथळ पाण्यातून निसटून सामान पोचवत होत्या. पाणबुडीला याहून शोभेल असं नाव दुसरं नसेल.

चोवीसच्या जागी सहा का, याचं उत्तर बहुतेक जण दिल्लीतल्या फायलींत शोधतात. ते खोटं नाही. पण माझ्या मते खरा घोळ गोदीत आहे, आणि तो समजायला एक सांधा जवळून पाहावा लागतो.

पाणबुडीचा मुख्य नळा तुकड्यातुकड्यांनी बनतो. जाड पत्रे रोलिंगमध्ये गोल वळवायचे, आतून कड्या बसवायच्या आणि एकेक भाग तयार करायचा. भाग उघडे असतानाच इंजिनं, मोटर, मोठी यंत्रं आत सरकवून घ्यायची, कारण नळा बंद झाल्यावर माणूस जाईल एवढंच भोक उरतं. मग पाच भाग एका रांगेत आणून जोडायचे. डॉकमध्ये या टप्प्याला ‘बूट टुगेदर’ म्हणतात. गोलाई नीट हवी. सहा मीटर व्यासात काही मिलिमीटर लंबगोलपणा राहिला तरी नळ्याची दाब सोसायची ताकद बरीच घटते, कारण चेपायला सुरुवात तिथूनच होते.

आणि मग वेल्डिंग. हे पोलाद साध्या जहाजाचं नव्हे. स्कॉर्पीनचं, म्हणजे याच सहा फ्रेंच आराखड्याच्या बोटींचं, पोलाद ८० एचएलईएस नावाचं, ताकदवान आणि म्हणूनच नखरेल. वेल्ड मारण्याआधी कड शंभर अंशांच्या पुढे तापवून घ्यायची आणि काम संपेपर्यंत थंड होऊ द्यायची नाही. रॉड भट्टीत सुकवायचे आणि गरम डब्यातून लागतील तसे एकेक काढायचे. कारण रॉडच्या लेपात ओल राहिली तर तिच्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो. वेल्ड दिसायला झकास होतो. तडा जातो तो नंतर, कधी काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, आतल्या आत. म्हणून तपासणी लगेच करत नाहीत. दोन दिवस थांबतात आणि मग अल्ट्रासॉनिक व एक्स-रेने पाहतात. दोष सापडला तर तेवढा भाग खोदून काढायचा, घासायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा भरायचा. हेही हवं तितक्या वेळा करता येत नाही. दोन-तीनदा उष्णता दिली की आजूबाजूच्या पोलादाचा चिवटपणाच जातो आणि मग पत्राच बदलावा लागतो. आता हे सगळं जुलैच्या मुंबईत करायचं, जिथे मिठाच्या बरणीलाही पाणी सुटतं.

हे पुस्तक वाचून येत नाही. पट्टीचा वेल्डर वेल्डच्या आवाजावरून सांगतो की आर्क लांबलाय. असा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात, आणि हातात काम नसेल तर दोन वर्षांत तो दुसऱ्या गोदीत किंवा आखातात असतो.

१९८०च्या दशकात माझगाव डॉकने असे हात तयार केले होते. ११ डिसेंबर १९८१च्या जर्मन करारात माणसांचं प्रशिक्षण होतं, तंत्रज्ञान होतं. शल्की ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. शंकुलनंतर आणखी दोन बोटींचा विचार होता. पण १९८७ साली त्या व्यवहारात दलालीचा आरोप झाला, जर्मन कंपनीशी व्यवहार थांबला आणि शंकुलबरोबर ती ओळ संपली. १९९४ ते २०१७. शंकुल दाखल झाली तेव्हा जन्मलेलं मूल कलवरी दाखल होईपर्यंत नोकरीला लागलं. भ्रष्टाचार झाला असेल तर शिक्षा व्हायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पण शिक्षा झाली ती गोदीला. कार्यशाळा ओस पडली, माणसं पांगली. फ्रेंच बोटी बांधायची वेळ आली तेव्हा सगळं पहिल्यापासून, तेही वेगळ्या भाषेतल्या आराखड्यांवरून, शिकावं लागलं.

फ्रेंच स्कॉर्पीनचा करार ६ ऑक्टोबर २००५ रोजी झाला. सहा बोटी, १८,७९८ कोटी रुपये, पहिली २०१२ मध्ये. पुढे किंमत २३,५६२ कोटींवर गेली आणि पहिली बोट पाच वर्षं उशिरा आली. उशिराची कारणं ऐकायला किरकोळ वाटतात. करारात काही सामान गोदीने स्वतः विकत घ्यायचं असं ठरलं होतं, पण त्याच्या किमती आधी बांधून घेतल्या नव्हत्या. पुरवठादारांनी पुढे चढे भाव सांगितले आणि ती घासाघीस वर्षानुवर्षं चालली. घराचं बांधकाम ज्यांनी केलंय त्यांना हे सांगायला नको. सिमेंट, विटांचा हिशोब पक्का असतो, घर अडतं ते नळ आणि कड्याकोयंड्यांपाशी. इथे नळ म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर पाइप आणि साठेक किलोमीटर केबल, ६७.५ मीटर लांबीच्या बोटीत. एक झडप उशिरा आली की तिच्यामागची केबल थांबते आणि केबलपुढचं पॅनेलही.

टॉर्पेडोची गोष्ट तर पुन्हा तीच. या बोटींसाठी इटालियन ब्लॅक शार्क टॉर्पेडो निवडले होते, अठ्ठ्याण्णव नग. ते बनवणारी कंपनी ज्या उद्योगसमूहातली, त्याच समूहाचं नाव हेलिकॉप्टर खरेदीतल्या लाचेच्या प्रकरणात आलं आणि खरेदी रद्द झाली. नव्या कोऱ्या पाणबुड्या जुन्या जर्मन बोटींसाठी घेतलेल्या टॉर्पेडोंवर दाखल झाल्या. २०२५च्या अखेरीस अठ्ठेचाळीस टॉर्पेडोंचा करार झाला. कोणाशी? त्याच इटालियन कंपनीशी. मधली वर्षं कोणाच्या खात्यात मांडायची?

बॅटरी. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी म्हणजे मूळची एक अवाढव्य बॅटरी, तिच्याभोवती नळा. कलवरीत ३६० सेल आहेत, प्रत्येक ७५० किलोचा. गुणाकार केला तर २७० टन. पृष्ठभागावर बोटीचं वजन सुमारे १,६१५ टन, म्हणजे सहावा हिस्सा निव्वळ शिसं आणि आम्ल. एक सेल माणसाच्या छातीएवढा उंच. बदलायची वेळ आली की प्रत्येक सेल क्रेनने झरोक्यातून सरळ उभा उचलायचा. तिरका झाला तर आम्ल सांडतं. तो पुन्हा खाली रांगेत बसवायचा, तांब्याच्या पट्ट्यांनी जोडायचा आणि सगळे नट ठरलेल्या जोरानेच आवळायचे. एखादा नट सैल राहिला तर हजारो अँपिअर वाहताना तो सांधा तापतो. कमी आवळला तर आग, जास्त आवळला तर शिशाचा खांब तुटतो.

चार्ज करताना बॅटरी हायड्रोजन सोडते. हवेत तो चार टक्क्यांवर गेला की ठिणगीला निमित्त पुरतं. म्हणून पंखे, हायड्रोजन जाळणारी यंत्रं, प्रत्येक कप्प्यातलं प्रमाण सतत तपासणं. बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन, तो आणखी वाईट. सिंधुरक्षकवर २०१० साली विशाखापट्टणमला बॅटरीच्या कप्प्यात हायड्रोजन पेटून एका नौसैनिकाचा जीव गेला होता. ऑगस्ट २०१३चा मोठा स्फोट वेगळा, तो पुढच्या भागातल्या शस्त्रांचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये मुंबईजवळ समुद्रात सिंधुरत्नवर धूर झाला आणि दोन अधिकारी गेले. नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. जुन्या बोटीवर केबलचं आवरण कडक होतं, चिरतं. जी केबल तीस वर्षांपूर्वी पॅनेलमागे बंद झाली, ती पुन्हा कोणाच्या नजरेला पडायला पूर्ण रिफिटच लागतो.

तर ही बॅटरी पुरते किती? पाण्याखाली सावकाश, चारेक नॉट्सने, दोन-चार दिवस. घाई केली की संपलं. ताकद वेगाच्या घनात लागते, वेग दुप्पट केला तर आठपट. पूर्ण वेगाने पळालं तर तासाभराची गोष्ट. मग स्नॉर्टिंग. नळी पाण्याबाहेर काढून डिझेल चालवायचं, हवा आत ओढायची, बॅटरी भरायची. नळीचं टोक लहान असतं, पण रडारला दिसतं. डिझेलचा आवाज तर दूरवर जातो. ज्या तासांत बोट श्वास घेते, त्याच तासांत ती मरू शकते.

यावरचा उपाय म्हणजे बाहेरच्या हवेशिवाय वीज बनवायची सोय. एआयपी. ती असली तर दोन आठवडे खाली राहता येतं. पाकिस्तानने अगोस्ता बोटींवर ती केव्हाच बसवली आणि चीनकडून घेत असलेल्या आठ हँगोर बोटींवरही ती आहे. आपली एआयपी अंबरनाथला तयार होते आहे, डीआरडीओच्या नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीत, एल अँड टी आणि पुण्याच्या थरमॅक्सच्या मदतीने. फॉस्फरिक ॲसिडचा फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आणून वीज करणारं यंत्र. वेगळेपण असं की हायड्रोजन टाकीत भरून न्यायचा नाही, बोटीवरच रसायनातून लागेल तसा बनवायचा. बोटीवर हायड्रोजनचा साठा किती नकोसा असतो हे बॅटरीवाल्यांना विचारा. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरच्या नमुन्याची मोठी चाचणी झाली. मूळ बेत शेवटच्या दोन स्कॉर्पीनमध्येच ती बसवायचा होता. वेळ जुळली नाही. आता बोटी रिफिटला येतील तसतशी ती बसवायची. ३० डिसेंबर २०२४ रोजी माझगाव डॉकशी १,९९० कोटींचा करार झाला तो याच कामाचा.

‘बसवायची’ म्हणजे काय ते पाहा. बोट मधोमध कापायची, दोन्ही अर्धी दूर सारायची आणि मध्ये नवा नळा घालायचा. नळ्याचा व्यास ६.२ मीटर, म्हणजे दर मीटर लांबीमागे तो सुमारे ३१ टन समुद्राचं पाणी बाजूला सारणार. पाणबुडी पाण्यात अधांतरी राहायला हवी, म्हणून नव्या भागाचं वजनही मीटरमागे तेवढंच हवं. कमी भरलं तर शिसं टाका, जास्त झालं तर दुसरीकडून काढा. शिवाय वजन मध्यापासून किती पुढे-मागे पडतं तेही जुळायला हवं, नाहीतर बोट नाक वर करून चालेल. लांबी वाढली की वळणं मंदावतात, सुकाणूचा हिशोब बदलतो, तेवढ्याच मोटरवर वेग थोडा उतरतो. आणि कापलेल्या जागी दोन नवे गोल सांधे येतात. पुन्हा तापवणं, सुकवलेले रॉड, दोन दिवसांची वाट, एक्स-रे.

सहा नव्या बोटींची पुढची खेप, ७५-आय, अजून कागदावर आहे. निविदा जुलै २०२१ मध्ये निघाली, अंदाज ४३,००० कोटींचा. अट अशी की एआयपी समुद्रात चालून सिद्ध झालेली हवी. अट रास्त आहे, पण ती आणि इतर अटी पाहून फ्रेंच, रशियन, कोरियन एकेक करत बाजूला झाले. उरले दोन: माझगाव डॉक जर्मन टीकेएमएसबरोबर आणि एल अँड टी स्पॅनिश नाव्हांतियाबरोबर. जानेवारी २०२५ मध्ये दुसरी जोडी बाद झाली आणि सप्टेंबरात माझगावशी वाटाघाटी सुरू झाल्या. म्हणजे जी जर्मन ओळ १९८७च्या वादात तुटली, तिचेच वारसदार जवळजवळ चार दशकांनी त्याच गोदीत, त्याच दारातून आत येतायत. आणखी तीन स्कॉर्पीनना जुलै २०२३ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली. दोन्ही झाल्या तर एका नौदलात दोन प्रकारच्या एआयपी, दोन प्रकारचे सुटे भाग आणि दोन प्रकारचं प्रशिक्षण. महागडं आहे, पण मी तक्रार करणार नाही. वागशीर गेल्यानंतर रिकाम्या शेडपेक्षा ते परवडलं.

तोवर जुन्या बोटींना टेकू. सिंधुकीर्तीचा विशाखापट्टणमचा रिफिट २००६ ते २०१५ चालला, नऊ वर्षं, म्हणजे नवी बोट बांधायला लागावी तेवढी. उघडल्याशिवाय कळत नाही काय निघणार, आणि जे निघतं त्याचा सुटा भाग बनवणारा कारखाना कधी सोव्हिएत संघात होता, आता तिसऱ्याच देशात असतो किंवा नसतोच. शंकुशसाठी जून २०२३ मध्ये माझगाव डॉकशी २,७२५ कोटींचा करार झाला. १९८६ सालची बोट, २०२६ मध्ये परत द्यायची, पुढच्या सेवेचा दाखला घेऊन. टाइल्स काढायच्या, वाळूच्या माऱ्याने रंग उतरवायचा, नळ्यावर चौकटी आखून एकेका चौकटीची जाडी मोजायची, आणि कीलच्या गोदीत चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी मारलेले सांधे एकेक करून तपासायचे. त्यानंतर सगळी दारं बंद करून आतली हवा थोडी ओढून घ्यायची आणि काटा ढळतो का ते पाहत बसायचं. तो स्थिर राहिला तर बंदरातच पहिली उथळ डुबकी, वजनं जुळवण्यासाठी. मग बाहेर समुद्रात, थोडं थोडं खोल. प्रत्येक पायरीवर थांबायचं, कप्प्याकप्प्यातून ‘कोरडं आहे’ असा निरोप येऊ द्यायचा, आणि मगच पुढचे पन्नास मीटर.